फटक्याच्या आधी

४ जून

ताई,

हे पत्र तुझ्या चित्रांच्या दुरुस्तीच्या कागदांत घालून पाठवतेय. बाकीचं टपाल तुझा नवरा फोडतो, पण स्टुडिओच्या पाकिटाला 'रेघोट्या' म्हणून हात लावत नाही. त्याच्या अडाणीपणाचा एवढा एक फायदा. 'पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस' म्हणालीस, वर्ष होत आलं, नाही टाकलं. पाकीट दारातून आत येतं, ते काही पाऊल नव्हे.

आता कामाचं. आपल्या कार्टूनमधल्या दोन राक्षसांची, गुबगुब्या आणि कातळतोंड्याची मारामारी तू काढून पाठवलीस, ती मी परत पाठवतेय. रेषा सुरेख. तुझ्या रेषेला नावं ठेवायची माझी काय टाप. पण चूक अशी केलीस की शिकाऊ पोरगीही करणार नाही. कातळतोंड्यानं अजून हात मागे घेतलेला नाही आणि तुझा गुबगुब्या आधीच आक्रसून बसलाय. मान खांद्यात, डोळे मिटलेले, उजवा हात कानावर. अगं, आधी हात मागे जातो, मग फटका येतो, मग लागतं आणि मग तो कळवळतो. हे मला तूच शिकवलंस, तेही बोटांवर पट्टी मारून. पोरांना खरी गंमत त्या हात मागे जाण्यात येते. 'आता बसणार, आता बसणार' करत ती जागेवरून उठतात. गुबगुब्याला त्याचा पत्ता नसतो, म्हणून तर तो त्यांना आवडतो.

शिवाय ही फिल्म कशासाठी असते ते तुला माहीत आहे. पोरं खेळात राक्षस पकडतात आणि बरण्यांत भरतात. खेळाच्या कंपनीला एवढंच हवं असतं की आमची पाच मिनिटांची फिल्म बघून पोरानं दुसऱ्या दिवशी नवा राक्षस मागावा. असा भेदरलेला राक्षस कोण मागेल? साहेबांनी तुझी चित्रं अंगठ्यानं भरभर उलटून पाहिली आणि म्हणाले, "तुमची ताई म्हातारी झाली की काय?" मी म्हटलं, "तुमच्या आधी नाही होणार." तर कृपा करून मारामारी नीट करून पाठव, माझं नाक कापू नकोस.

चिमीचे पुढचे दात पडले का? तिला सांग, मावशी अजून जिवंत आहे आणि अजून तेवढीच खडूस आहे.

धाकटी


१९ जून

ताई,

पुन्हा तेच. मी स्पष्ट लिहूनही तू तेच काढून पाठवलंस, उलट आता आणखी आधी. कातळतोंड्या नुसता मान वळवतो आणि गुबगुब्याचा हात कानावर जातो. मला इतका राग आला की कागद टेबलावर आपटले. मग म्हटलं, ताई एखादी चूक दोनदा करत नाही. आणि खुर्चीवर बसले.

आमचे कॅमेऱ्यावाले दादा तुला आठवतात? कुठलीही मारामारी काढायच्या आधी आम्ही दोघं ती आरशासमोर करून बघतो. ते कातळतोंड्या, मी गुबगुब्या. शिपाई दारातून बघतो आणि रोज म्हणतो की या दोघांना घरी कोणी विचारत नसेल. मी दादांना म्हटलं, हात उचलायच्या आधीच मला आक्रसायचंय, ताईनं काढलंय तसं. दादांनी हात उगारला. मी बघतच राहिले, वर हसले. पुन्हा केलं, पुन्हा केलं. जमेना. कितीही ठरवलं तरी माझी मान खांद्यात जाते ती हात निघाल्यावरच. दादा घाम पुसत म्हणाले, "सोड. ज्यानं घरात मार खाल्ला नाही त्याला हे यायचं नाही. हे अंगात मुरावं लागतं." बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते कळून माझ्याकडे बघेनात.

ताई, चिमीच्या वाढदिवसाला तुझ्या नवऱ्यानं मीठ घ्यायला टेबलावरून हात पुढे केला होता. नुसतं मीठ. तुझा खांदा वर गेला, उजवा हात कानापाशी गेला आणि मग तू केस सारखे करतेयस असं दाखवलंस. ते बघून मी स्टूल उचललं होतं. त्याच्या भुवईला टाके पडले आणि तू मला म्हणालीस, "माझ्या घरात मारामारी चालणार नाही." मी घरी पोहोचेपर्यंत त्यावर हसत होते. वेडी असेन. मला वाटलं त्यानं कधीतरी एकदा हात उगारला असेल, मी त्याची फेड केली, फिटलं.

ही तुझी चूक नाहीच. तू जे अंगानं जाणतेस ते तुझ्या हातातून उतरतंय, तुला कळतसुद्धा नसेल. आणि मी मूर्ख, तुला दुरुस्त्या पाठवतेय.

सगळा गाव त्याला 'मास्तर, मास्तर' करतो. त्यानं शेकडो पोरांना पोहायला शिकवलं, पाण्याची भीती घालवली, कधी कुणावर आवाज चढवला नाही. कशाला चढवेल? राग सगळा घरी खर्च होतो. तू मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहायचं आणि वर लोकांनी म्हणायचं की हिचं नशीब बघा.

मला एक शब्द लिही. 'ये' म्हण. तेवढाच.

धाकटी


८ जुलै

ताई,

मिळाला तुझा शब्द. चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंस, 'काम तपास, घर तपासू नकोस.' वा. टोमणा झकास आहे, पण अक्षर लटपटलंय. तुझं अक्षर तापातसुद्धा लटपटत नाही.

तर मी काम तपासलं. ऐक आता.

स्टोरीबोर्डमध्ये गुबगुब्याचं पिल्लू मागे झुडपापाशी उभं राहून टाळ्या पिटतं. तेवढंच त्याचं काम. तू काढलेलं पिल्लू टाळ्या पिटत नाही. गुडघे पोटाशी, दोन्ही मुठी कानांवर. पहिल्यांदा वाटलं, तुला मार बसताना बघून लेकरू भेदरलंय. मग पुढचा कागद घेतला. कातळतोंड्याचा हात अजून खाली लोंबतोय आणि पिल्लू गुबगुब्याच्याही आधी मिटलंय. ताई, बघणारं पोर फटका बसल्यावर दचकतं. बसायच्या आधी मिटतं ते खाणारं पोर.

तो चिमीला मारायला लागलाय.

साहेबांनी तो कागद पाहिला नाही. मी कुणाला दाखवला नाही, दादांना सोडून. दादांनी स्टुडिओच्या गाडीची चावी कुठे असते ते विचारलं.

तुला खरं सांगू? मला त्याला मारायचंय. समजावायचं नाही, पोलिसांत द्यायचं नाही, मारायचंय. दिवसभर मी कागदावर तेच करते. काल कातळतोंड्याला भिंतीवर असा आपटला की साहेब म्हणाले, "बाई, लहान मुलांची फिल्म आहे, जरा हलक्या हातानं." मी भिंतीला तडे काढले होते. मग त्याच्या तोंडावर बसून त्याचे दात एकेक करून उडवले आणि ते कागद फाडून टाकले. माझ्यात हे कुठून आलं ते मला माहीत नाही. कदाचित आपल्या दोघींच्या वाटणीचा राग देवानं एकटीच्याच पदरात टाकला असेल, म्हणून तू एवढी थंड.

येत्या रविवारी सकाळी तो तलावावर असतो, तेव्हा आम्ही येतोय. चिमीच्या पायात बूट घालून ठेव. कपडे, खेळणी काही नको. तू आलीस तर माझ्यासारखी सुखी मीच. नाही आलीस तर मी पोर उचलून नेईन. मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, तसंही काही नवीन नाही.

धाकटी


१७ जुलै

ताई,

अक्षराला हसू नकोस, डाव्या हातानं लिहितेय. उजव्याची बोटं प्लास्टरमध्ये आहेत. मी कोठडीत आहे, म्हणून हे पत्र माझ्या वकीलबाई स्वतः तुझ्या हातात देतील. त्यांना पाकीट चिकटवून दिलंय. वाच आणि फाडून टाक.

नर्स वकीलबाईंना म्हणाली की तू शुद्धीवर आलीस, पण त्या दिवसाचं तुला काही आठवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी परवानगी दिली की पोलीस तुझा जबाब घेतील, त्याआधी तुला कळायला हवं. सगळं लिहिते, एकदाच.

तो तलावावर गेलाच नव्हता. दार सताड उघडं होतं आणि तो खुर्ची टाकून वाट बघत बसला होता. माझं पत्र त्याच्या हातात. नेमकं हेच स्टुडिओचं पाकीट फोडायची त्याला बुद्धी झाली. "या मेहुणीबाई," म्हणाला, पोरांशी बोलतो त्याच मऊ आवाजात, आणि मोठ्यानं वाचायला लागला. 'मला त्याला मारायचंय' इथं थांबून म्हणाला, "अक्षर छान आहे." तू आत जमिनीवर बसली होतीस. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, कपाळावरचं रक्त कानात उतरलेलं. तुझी चित्रं गिरवायची दिव्याची काचपेटी फुटून पडली होती. कशावर फुटली ते मी तुझ्या डोक्याकडे बघून ओळखलं. माझ्या पत्रापायी हे झालं. ते मला कळतंय, त्यावर आत्ता बोलत नाही.

चिमी तुझ्या टेबलाखाली होती. पायात बूट होते. त्यानं पत्र तुलाही वाचून दाखवलं असणार, तू तरीही घातले होतेस.

मी "चिमी, चल" म्हटलं आणि तो उठला. तुला केसांना धरून त्यानं फरपटत दाराबाहेर आणलं, जिन्याच्या तोंडाशी, आणि म्हणाला, "ही घेऊन जा. पोरगी इथेच राहील." मी त्याच्या पाठीवर उडी मारली. कान चावला त्याचा. तोंडात तुकडा आल्यासारखं वाटलं. ताई, मी रोज मारामाऱ्या काढते आणि मला काही म्हणजे काही येत नव्हतं. त्यानं मला पोत्यासारखं झटकलं. कठड्यावर तोंड आपटून माझे दोन दात गेले. मी उठायला हात टेकला तर त्यानं हातावर टाच ठेवली आणि वळवली. आवाज झाला. आमच्या स्टुडिओत असल्या आवाजासाठी सुकी काडी मोडतात, तसाच होतो अगदी. तू त्याच्या पायाशी सरपटत आलीस तर त्यानं तुझ्या बरगड्यांत लाथ घातली, दोनदा, मग डोक्यात. तू भिंतीवर आपटलीस आणि तिथंच त्याच्या पायांशी पडलीस, हलली नाहीस. मला वाटलं संपलीस. दादा खाली गाडी चालू ठेवून बसले होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही.

मग तो माझ्यावर वाकला. जिन्याकडे पाठ, माझे केस एका मुठीत, दुसरी मूठ वर. आणि माझ्या मागून चिमी आली. टेबलाखालून निघाली, डोकं खाली घातलं, मुठी कानांना लावल्या आणि माझ्या बाजूनं धावत येऊन त्याच्या मांडीवर आदळली. गुबगुब्या शेवटी करतो ना, तसंच, तू काढतेस तसंच. आणि तो गेला. माझे केस मुठीत घेऊन गेला, ओंजळभर. पहिल्या वळणापर्यंत सगळ्या पायऱ्या डोक्यावर मोजत गेला. खाली पडला तेव्हा मान भलतीकडे होती.

चिमी वरच्या पायरीवर बसली. मला म्हणाली, "दमलेत ते. आता उठतील. मावशी, दार लाव ना लवकर." आपल्या फिल्ममध्ये कुणी मरत नाही ना. तोंड पाडून पडतात, बरणीत जातात, पुढच्या फिल्ममध्ये ताजेतवाने. ती त्याच्याकडे डोळे लावून बसली होती, दार लावेपर्यंत हललीच नाही.

मी पोलिसांना सांगितलंय की धक्का मी दिला. चिमी टेबलाखाली होती, तिनं काही पाहिलं नाही. हेच लिहून सही केली, डाव्या हातानं. वकीलबाई माझ्यावर चिडल्यात. म्हणतात, काहीतरी लपवतेस, आणि लपवायची गरज नसेल ते लपवतेस. गरज आहे. कायदा एवढ्याशा पोरीला हात लावणार नाही, ते मलाही कळतं. मला कायद्याची भीती नाही. ती वीस वर्षांची होईल, तीस वर्षांची होईल, एखाद्या दुपारी भांडी घासता घासता तिला आठवेल की बाप आपण मारला, मला त्या दुपारची भीती आहे. त्यापेक्षा मावशी खुनी बरी. मावशा काय, ओवाळून टाकायलाच असतात. दिसायलाही मी आता खुन्यासारखीच दिसते, पुढचे दात नाहीत.

म्हणून एवढंच कर. तुला काही आठवत नाही, ते खरंच आहे, तेच सांग. आणि चिमी बोलली तर म्हण, तुला स्वप्न पडलं. रोज म्हण. पोरं विसरतात. विसरायला लाव.

त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं का, ते तू मला कधीतरी सांग.

धाकटी


२१ जुलै

धाकटे,

डॉक्टरांनी लिहायला बंदी केली आहे, म्हणून उशी पाठीशी घेऊन चोरून लिहिते आहे. तुझं पत्र वाचलं. फाडलं नाही, वकीलबाईंना दिलं. तू चिडशील. चिडून घे.

महिनाभर तू माझ्या चित्रांतल्या चुका काढल्यास, आता मी तुझ्या पत्रातली काढते. चिमीचं वजन किती गं? एका हातावर उचलतेस तिला. आणि तो माणूस दोन मुलांना खांद्यावर घेऊन पाण्यातून चालायचा. एवढ्याशा पोरीच्या धक्क्यानं तो जिन्यावरून जाईल? असं चित्र मी तुला पाठवलं असतं तर तू लाल पेन्सिलीनं भोकं पाडून परत धाडलं असतंस. फार तर तो एक पाऊल मागे गेला असता, सावरला असता, आणि मग तिला उचलून भिंतीवर घातलं असतं.

ते पाऊल मी मागे घेऊ दिलं नाही. मी तेव्हा अजून बेशुद्ध नव्हते. डोळे उघडत नव्हते, पण त्याचा पाय माझ्या तोंडापाशी होता आणि चिमीचे बूट वाजलेले मी ऐकले. मी दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. आधार म्हणून नाही. तिनं धडक दिली तेव्हा तो मागे पाय टाकायला गेला, मी सोडला नाही, आणि तो तोल जाऊन उलटा होईपर्यंत धरून ठेवला. मग सोडला. माझं अंगठ्याचं नख त्याच्या बुटाच्या नाडीत मोडलंय. डॉक्टरांना ते दाखवलं, पोलिसांनाही. काही आठवत नाही असं नर्सला सांगितलं ते मला विचार करायला वेळ हवा होता म्हणून. आता विचार झाला. काल जबाब लिहून दिला, सगळा, त्यात चिमीही आहे आणि तूही, जशा होतात तशा. तुझी सही केलेली गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली आहे. वकीलबाई म्हणतात, तुला एकदोन दिवसांत सोडतील. माझं काय होईल ते त्या धड सांगत नाहीत. जीव वाचवायला केलं असं म्हणता येईल, म्हणतात. मी त्यांना म्हटलं, मी तेच केलं, पण मला वाटलंही होतं की पडावा. तेही लिहून घ्या.

तुला यायला नको म्हणाले, कारण तू आलीस की तो तुला मारील हे मला ठाऊक होतं. मी थंड नाही गं. मी एकेक दिवस मोजून काढत होते, आणि त्यात तुझी भर नको होती. पण पाकिटात ते पिल्लू मी घातलं, आणि ते जाणूनबुजून घातलं होतं. गुबगुब्याचं म्हणशील तर ते मला कळलंच नाही, तू सांगेपर्यंत. पिल्लू मात्र तुझ्यासाठी काढलं. तोंडानं 'ये' म्हणायचं बळ नव्हतं.

मला घेऊन गेले तर चिमीला तू सांभाळ. दूध गार लागतं तिला. कुशीवर झोपते, अंगावर हात टाकायचा नाही, दचकते. हळूहळू जाईल ते. आणि तिला स्वप्न पडलं असं कधी सांगू नकोस. आधीच तिला या घरात खूप वेळा सांगितलंय की तू पाहिलंस ते तू पाहिलंच नाहीस. मीच सांगितलंय.

काल दादा तिला घेऊन आले होते, ती माझ्या खाटेवर चढून बसली होती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा उठणार नाहीत, दमले नाहीत, मेले. तू धडक दिलीस, पण ते त्यामुळे पडले नाहीत. त्यांचा पाय आईनं धरला होता, म्हणून पडले. तिनं विचारलं, "का धरला?" म्हटलं, ते थांबत नव्हते. तिनं माझ्या मोडलेल्या नखाला हात लावून बघितला, बराच वेळ. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही जिंकले?"

"नाही," मी म्हटलं.

ती जरा हिरमुसली आणि माझ्याकडे पाठ करून झोपली. तिला तसंच राहू दे.

ताई